एकेचाळीस नंबरची नळी

हलीमा परकार यांनी बुरोंडीच्या शिबिराचे सगळे अहवाल सही न करता परत पाठवले, तो दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधला पहिला सोमवार होता. वेळ सकाळी पावणेअकराची. अहवाल बुधवारी गावातच वाटायचे ठरले होते. शाळेचा हॉल मागून ठेवला होता, पाहुण्यांना निमंत्रणे गेली होती आणि कार्यक्रमाची बातमी देण्याचे काम माझ्याकडे होते.

परकारबाई रत्नागिरीतल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मुख्य तंत्रज्ञ होत्या. शिबिर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पूर्वतपासणीचे होते. हा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. विषाणू शिरल्यापासून रोग उभा राहीपर्यंत बरीच वर्षे जातात आणि तेवढ्या काळात तो सापडला तर बाई वाचते. म्हणून मे महिन्यात बुरोंडीच्या कोळीवाड्यातल्या बायकांचे नमुने घेऊन ते रत्नागिरीला आणले होते. अहवाल अडल्याचे कळल्यावर मी बाईंना फोन करून कारण विचारले.

"एकेचाळीस नंबरची नळी," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे मला कळलं की सांगते. तोवर छापू नका. आणि 'तांत्रिक कारणामुळे' असंही छापू नका. तुमच्या त्या तांत्रिक कारणाची मला चीड आहे."

त्यांची माझी ओळख त्याआधी बारा वर्षांची. ती एका चुकीपासून सुरू झाली आणि चूक माझी होती. एका पावसाळ्यात तालुक्यात तापाची साथ होती, लोकांना लेप्टोची भीती होती. मी प्रयोगशाळेत जाऊन विचारणा केली आणि दुसऱ्या दिवशी 'लेप्टो नाही' असे चार कॉलमी शीर्षक दिले. सकाळी कार्यालय उघडता उघडता फोन वाजला.

"मी हलीमा परकार. 'नाही' असं मी कुठे म्हटलं ओ? मी म्हटलं, आलेल्या नमुन्यांत आढळला नाही. जे आलेच नाहीत त्यांचं मला काय ठाऊक?"

आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा गेला. बाईंनी तो कापून प्रयोगशाळेच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला तो उभ्याने वाचावा लागे. वाचून झाले की बाई विचारत, "काय शिकलात?" बहुतेक जण म्हणत, पत्रकारांशी बोलू नये. बाई म्हणत, "तेही खरंच. पण परत वाचा."

त्या मूळच्या राजापूरच्या. वडील गलबतावर तांडेल होते. मुंबईला प्रयोगशाळेचे शिक्षण घेऊन आलेल्या घरातल्या त्या पहिल्या. नवरा बावीस वर्षे कुवेतला होता आणि दर दोन वर्षांनी दोन महिने घरी येत असे. त्यावर त्यांचे एक ठरलेले वाक्य होते. "बावीस वर्षांचा संसार, मोजला तर बावीस महिन्यांचा." हे त्या हसत सांगत आणि ऐकणारा हसला नाही तर आकडे परत समजावून देत.

दुपारी एकला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. नळ्यांवरचे नंबर पेन्सिलीने, कारण शाई स्पिरिटने पुसते. नमुन्यांच्या फ्रिजमध्ये दुसरी कोणतीही वस्तू ठेवायची नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. एका एप्रिलमध्ये संस्थेच्या अध्यक्षांकडे पाहुण्यांसाठी हापूसची पेटी आली. उकाड्यात आंबे उतरतील म्हणून शिपायाने ती त्या फ्रिजमध्ये ठेवली. बाईंनी सकाळी दार उघडले, पेटी पाहिली, वेळ नोंदवली आणि आंबे एक-एक करून जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकले. अध्यक्ष स्वतः खाली आले.

"अहो बाई, देवगडचा नव्हे, आपल्या घरच्या बागेतला होता."

"म्हणून तर जास्त वाईट वाटलं," बाई म्हणाल्या. "पण रात्रभर शेजारी काय काय होतं त्याची यादी देऊ? वाचून झाल्यावर खायचा असेल तर पिशवी अजून बांधलेली नाही."

अध्यक्षांनी यादी मागितली नाही.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. आठल्ये. वयाने बाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान. दोघांचे दिवसातून एकदा भांडण होई. तरीही बाईंना विचारल्याशिवाय डॉ. आठल्यांनी एकही यंत्र घेतल्याचे मला आठवत नाही. त्या उन्हाळ्यातही त्यांनी एक काम बाईंवर सोपवले होते. एचपीव्हीच्या चाचणीसाठी प्रयोगशाळेला दोन किटपैकी एक कायमचे निवडायचे होते. दोन्ही किट विषाणूचा जनुकीय अंश शोधतात, पण वेगवेगळ्या जागी. पहिले किट एल-वन हे जनुक शोधते. विषाणूचे बाहेरचे कवच त्यापासून बनते. दुसरे किट ई-सिक्स आणि ई-सेव्हन ही दोन जनुके शोधते. पेशीला बिघडवण्याचे काम ती दोन्ही करतात. पहिले किट प्रयोगशाळेत वापरात होते, दुसरे नवे. बुरोंडीचा प्रत्येक नमुना बाईंनी दोन्ही किटवर लावला.

यातला फरक मला समजेना, तेव्हा त्यांनी तो असा सांगितला.

"माणूस अंगरख्यावरून ओळखायचा, ही एक पद्धत. वाईट नाही. लांबून दिसतं, खूप जण एकदम ओळखता येतात. पण हा विषाणू कधी कधी पेशीच्या जनुकांतच घुसून बसतो. घुसताना त्याचा अंगरखा फाटतो, कधी गळूनही पडतो. हातातली कोयती मात्र तो टाकत नाही. कोयती टाकली तर पुढचं काम करणार कशानं? दुसरं किट कोयती बघतं."

"मग दुसरंच घ्या."

"घाई बघा! शेत भाजायला झाडाची कवळं तोडणाऱ्याच्याही हातात कोयती असते ना ओ? कोयती दिसली म्हणजे खून झाला असं नाही. शिवाय दुसरं किट यादीतल्याच माणसांच्या कोयत्या बघतं. यादीबाहेरचा समोरून गेला तरी त्याला दिसत नाही. यंत्राला आपण जे विचारतो तेवढंच ते सांगतं. आपण काय विचारलं, ते आपण लक्षात ठेवायचं."

बहुतेक नमुन्यांत दोन्ही किटची उत्तरे जुळली. काही नमुन्यांत पहिल्याला विषाणू दिसला, दुसऱ्याला दिसला नाही. त्यांतले विषाणूचे प्रकार दुसऱ्या किटच्या यादीत नसावेत. याच्या नेमके उलट एकाच नमुन्यात झाले. एकेचाळीस नंबरच्या नळीत पहिल्या किटला काहीच आढळले नाही आणि दुसऱ्यावर विषाणू असल्याची रेषा लवकर आणि ठसठशीत वर आली. बाईंनी त्या नंबरचा शिबिरातला कागद काढला. मुंबईहून आलेल्या डॉक्टरांनी त्यावर लिहिले होते: स्पर्श करताच रक्तस्राव. पुढील तपासणी आवश्यक. हा कागद प्रयोगशाळेच्या फाइलमध्ये राहणार होता. एकेचाळीस नंबरच्या बाईच्या हातात जो अहवाल पडणार होता, त्यावर वापरातल्या किटचे उत्तर छापलेले होते: आढळला नाही.

सोमवारी डॉ. आठल्ये आणि बाई यांच्यात जे बोलणे झाले ते दोघांनीही मला नंतर स्वतंत्रपणे सांगितले. दोन्ही हकिगती जुळतात.

"बाई, एकच नळी, तीही एकाच किटवर. दुसऱ्या नमुन्याचा थेंब उडाला असेल."

"असेल. म्हणून परत लावली."

"मग?"

"परत आली. उरलेल्या नमुन्यातून नव्यानं डीएनए काढला. जागा बदलली. हातही बदलला, मी नाही लावली. रेषा तिथंच उठते."

"ठीक आहे, त्या बाईला बोलावून घ्या. लक्षणं आहेत म्हणजे तपासायलाच हवी, त्याला किटची गरज नाही. पण बाकीचे अहवाल कशाला अडवलेत? परवा कार्यक्रम आहे."

"वाटायला बसाल तेव्हा ती समोर बसलेली असेल, डॉक्टर. सगळ्यांना कागद मिळाला आणि तिलाच नाही, तर संध्याकाळपर्यंत वाडीत काय काय बोलतील? सगळ्यांचे थांबले तर कोणाचंच नाव होत नाही."

"आणि अध्यक्षांना काय सांगू?"

"सांगा, परकारबाईचा चष्मा हरवला. आंब्यापासून ते माझ्याबद्दल काहीही खरं मानतात."

कार्यक्रम पुढे ढकलला गेला.

यादीत एकेचाळीस नंबरसमोर नोंद होती: सुगंधा चोगले, गंगासागर. सुगंधा हे नाव मी बदलले आहे. गावात त्याच नावाच्या आणि त्याच आडनावाच्या दोघी होत्या, हे बदललेले नाही. 'गंगासागर' हे होडीचे नाव, तेही बदललेले. कोळीवाड्यात अर्धी घरे एका आडनावाची. त्यामुळे माणूस होडीवरून ओळखण्याची तिथे रीत आहे. शिबिरात नोंदणी करणाऱ्या स्वयंसेविका रत्नागिरीच्या होत्या. बाईने जसे सांगितले तसे त्यांनी लिहून घेतले. परकारबाईंनी मंगळवारी गावच्या आशाताईंना, वैदेही यांना, फोन केला आणि 'गंगासागर'वाल्या सुगंधाला पाठवा, एवढेच सांगितले. वय, बाळंतपणे, डॉक्टरांचा शेरा यातले काही सांगितले नाही. बायकांची माहिती फोनवर उच्चारायची नाही, हा नियम त्यांनीच घातला होता.

शुक्रवारी सुगंधा चोगले आल्या. रुग्णालयाच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी त्यांना तपासले. गर्भाशयमुख निरोगी होते, रक्तस्राव नव्हता. बाईंनी नवा नमुना घेऊन दोन्ही किटवर लावला. शनिवारी दुपारी दोन्हींची उत्तरे आली. दोन्हींत काही आढळले नाही.

"झालं समाधान?" डॉ. आठल्यांनी विचारले. "आता तरी सह्या करा."

बाईंनी सह्या केल्या नाहीत. जेवणाचा डबाही उघडला नाही. शिबिराची यादी पहिल्या नंबरपासून बोट ठेवून वाचत गेल्या आणि सतराव्यावर थांबल्या. सतरा नंबरसमोर लिहिले होते: सुगंधा दत्ताराम चोगले, वय एकोणचाळीस, बाळंतपणे दोन. शुक्रवारी आलेल्या बाईंनी केसपेपरवर लिहिलेले पूर्ण नाव हेच होते. एकेचाळीस नंबरच्या कागदावर वय सत्तेचाळीस आणि बाळंतपणे चार होती.

यादी घेऊन त्या डॉ. आठल्यांच्या टेबलाशी गेल्या. "एका बाईच्या दोन नळ्या कशा? माझी नळी बरोबर आहे, डॉक्टर. बाई चुकली. आणि ती मी चुकवली."

डॉ. आठल्ये सोमवारी वैदेहींना पुन्हा फोन करू म्हणाले. बाई म्हणाल्या, एकदा फोन करून काय झाले ते पाहिले. रुग्णालयाची गाडी सोमवारी दुसरीकडे ठरलेली होती. त्यांनी मला विचारले, "दापोलीच्या पहिल्या बसला याल? बातमीसाठी नाही. होड्यांची तुम्हाला माहिती आहे, मला फक्त माशांची."

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. परशुराम घाटात बस अर्धा तास थांबली. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत पहिली पाळी सुरू व्हायची होती, कंपन्यांच्या बसमधून बायका उतरत होत्या. परकारबाई त्या दिसेनाशा होईपर्यंत खिडकीतून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यांना शिबिराला कोण सुट्टी देणार? ह्यांच्या पाळीप्रमाणे आपणच यायला हवं." मग पिशवीतून वही काढून 'लोटे' एवढेच लिहिले. दापोलीला बस बदलून आम्ही साडेअकराच्या सुमारास बुरोंडीला उतरलो.

वाटेत त्यांनी मला सूचना दिली होती. कोणत्याही बाईबद्दल विचारायचे नाही. रत्नागिरीच्या इस्पितळातून कोणी सुगंधाला शोधत आले, हे एकदा वाडीत फिरले की संपले. "आपण होडी शोधतोय," त्या म्हणाल्या.

मासेमारी बंदीचे दिवस. होड्या किनाऱ्यावर ओढून प्लास्टिकने झाकल्या होत्या, एकीचेही नाव दिसत नव्हते. झावळ्यांच्या एका झापाखाली चार-पाच माणसे जाळी सांधत बसली होती.

"'गंगासागर' कोणाची हो?" बाईंनी विचारले.

त्यांतल्या म्हाताऱ्याने मान वर न करता विचारले, "आताची का आधीची?"

बाई म्हणाल्या, "आधीची."

"आधी किसनाची. शिमग्यात इकली त्यानं. आता दत्ताची हाय."

"दोघेही चोगलेच?"

"हितं कोन चोगले नाय ता इचारा!" बाकीचे हसले. "तुमी कोन पन? ब्यांकेच्या काय? किसनानं कर्ज फेडलंय हां."

"बँकेची असते तर गाडीतून आले असते. चिखलात चप्पल हातात घेऊन कशाला?"

"ता खरा," म्हातारा म्हणाला आणि हातातल्या सुईने घर दाखवले.

किसन चोगले घरी नव्हते. सुगंधा अंगणात सुकवलेली मासळी उचलत होत्या. बाईंनी मला ओटीवर बसवले आणि त्या आत गेल्या. दार उघडे होते. जे ऐकू आले ते सुगंधा यांच्या परवानगीने देत आहे.

"माझा काय नाय, बाय," त्या म्हणत होत्या. "पाळी जायची येल हाय, म्हून जरा जास्त जाता. आनि त्या दत्ताच्या सुगंधीला नेलात ना तुमी रत्नागिरीस? तिचा तर कायच नाय निघाला."

"नळी तिची नव्हतीच. तुमची होती."

"माजी कशी?"

"शिबिरात नाव काय सांगितलंत?"

"गंगासागरवाली सुगंधा. वीस वरसा तसाच सांगतंय. होडी इकली म्हून नाव तोंडातना जाता काय लगेच?"

"नाही जात. चूक तुमची नाही, आमची. माणूस लिहायचं सोडून आम्ही होडी लिहिली."



"मंग काय, क्यान्सर हाय मना?"

"ठाऊक नाही."

"ठाऊक नाय तर यवढ्या लांब आलात कशाला?"

"ठाऊक करून घ्यायला. इथं बसून मी हो म्हटलं तरी खोटं आणि नाही म्हटलं तरी खोटं."

"मी गुरवारी वसईस जातंय. लेकीचा पयला बाळंतपन हाय."

"दिवस कधीचे दिलेत?"

"म्हयनाअखेर."

"म्हणजे पंधरा दिवस तरी आहेत. त्यातले मला दोन द्या."

"आनि निघाला काय तर? मंग लेकीकडं कोन जायचा?"

"निघालं आणि आज तुम्ही आला नाहीत, तर तिच्या दुसऱ्या बाळंतपणाला कोण जायचं?"

यानंतर भांडे ठेवल्याचा आवाज आला. मग सुगंधा म्हणाल्या, "थांबा. ही सुकी आत ठेवतंय नि लुगडा बदलतंय. शेजारनीला काय सांगू?"

"सांगा, कागदावर होडी चुकली म्हणून रत्नागिरीला सही करायला जायचंय. खोटं नाही त्यात काही."

दुपारच्या बसने आम्ही तिघे परतलो. सुगंधा त्या दिवशी परकारबाईंकडे राहिल्या. बाईंनी बांगड्यांचे कालवण केले होते. पहिला घास खाऊन सुगंधा म्हणाल्या, "बर्फातला हाय. आठ दिवसांचा." बाईंनी हे दुसऱ्या दिवशी सगळ्या प्रयोगशाळेला सांगितले. निदान करावे तर असे, एका घासात, किटशिवाय, अशी त्यावर त्यांची पुस्ती होती.

मंगळवारी तपासणी झाली. स्पर्श करताच रक्तस्राव झाला. तुकडा काढून तपासायला गेला. अहवाल आठ दिवसांनी आला. कर्करोग होता, लहान होता, गर्भाशयमुखाबाहेर गेलेला नव्हता. त्या तुकड्यावर बाईंनी दोन्ही किट पुन्हा लावले. ई-सिक्स आणि ई-सेव्हन आढळली, एल-वन आढळले नाही. विषाणू पेशीच्या जनुकांत शिरून बसलेला होता का, असे मी विचारले. "बसलेला असावा," बाई म्हणाल्या. "'असावा' लिहा. तुमच्याकडे तो शब्द कमी वापरतात."

जुलैमध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली. वसईला किसन यांची बहीण गेली होती. मुलगी झाली.

सतरा नंबरच्या सुगंधा चोगले यांना परकारबाईंनी स्वतः पत्र लिहिले. विनाकारण बोलावले, कामाचा दिवस बुडाला, चूक प्रयोगशाळेची, असे त्यात होते. उत्तर फोनवर आले. फुकटात दोनदा तपासून झाले, राग कसला, आणि गावात दुसऱ्या कोणाला असा मान मिळालेला नाही, असे त्या म्हणाल्या. बाकीचे अहवाल त्याच महिन्यात घरोघर पोचवले गेले. ज्यांच्यात विषाणू आढळला होता त्यांचे परकारबाईंनी वैदेहींना बरोबर घेऊन स्वतः दिले. हॉलमधला कार्यक्रम झाला नाही.

डॉ. आठल्ये आता जुने किट टाकायला निघाले होते. त्यांना अडवले ते बाईंनीच.

"एका बाईवरून किट ठरत नाही, डॉक्टर. पहिल्यानं दाखवल्या आणि दुसऱ्यानं दाखवल्या नाहीत, त्या बायका कुठे गेल्या? त्यांना परत बोलावून बघितल्याशिवाय मी एका बाजूनं बोलणार नाही."

"पण बाई, तुम्हीच तर त्या दिवशी..."

"त्या दिवशी एक बाई शोधायची होती. आता किट शोधायचंय. दोन कामं वेगळी आहेत."

त्या बायकांची सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. बहुतेकींच्या शरीरातून विषाणू आपोआप गेला होता. कोणालाही आजार नव्हता. मग बाईंनी दोन पानी टिपण केले. कोणते किट विषाणूला काय विचारते, काय विचारत नाही, कोणाला विनाकारण फेरी पडते आणि कोण हातून सुटते, हे त्यात साध्या मराठीत होते. चांगले आणि वाईट हे शब्द त्यात कुठेही नाहीत. त्या टिपणावरून प्रयोगशाळेने दुसरे किट घेतले. डॉक्टरांना तपासताना काही दिसले असेल, तर तो शेरा अहवालावरच छापायचा आणि किटचे उत्तर काहीही असो, त्या बाईला बोलवायचे, अशी अट बाईंनी घातली. शिबिराचा नोंदणीचा कागदही बदलला. संस्थेतल्या कोणीतरी होडीचा रकाना काढून टाकायला सुचवले होते. बाईंनी तो ठेवला. होडीशिवाय वैदेहींना घर सापडणार नव्हते. त्याच्या शेजारी नवऱ्याचे नाव आणि वय आले, आणि आणखी एक प्रश्न: होडी सध्या कोणाकडे?

नोकरीच्या शेवटच्या वर्षात त्यांनी लोट्याला दोन शिबिरे घेतली. एक पहिली पाळी सुटल्यावर दुपारी, दुसरे दुसरी पाळी चढण्याआधी सकाळी. संस्थेने एकाच शिबिराला मंजुरी दिली होती. दुसऱ्याच्या वेळी, पहिल्या शिबिरात बायका उरल्या होत्या असे त्यांनी कळवले. मी त्याबद्दल विचारले तेव्हा म्हणाल्या, "उरल्या होत्याच की. मोजून आले."

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी भाषण केले नाही. फ्रिजच्या चाव्या दिल्या, तापमानाची वही दिली आणि कपाटाच्या दारावरचे कात्रण काढायला आलेल्या शिपायाला ते तिथेच राहू द्यायला सांगितले.

हलीमा परकार यांचे यंदा मार्चमध्ये एका शुक्रवारी सकाळी रत्नागिरीत राहत्या घरी हृदयविकाराने निधन झाले. वय एकोणसाठ. त्याच दिवशी दुपारच्या नमाजानंतर दफनविधी झाला. डॉ. आठल्ये आणि प्रयोगशाळेतले सगळे कर्मचारी हजर होते.

सुगंधा चोगले यांची सहामाही तपासणी त्यानंतरच्या मंगळवारी होती. सकाळच्या बसने निघून त्या साडेअकराला रुग्णालयात पोचल्या. तपासणी झाली. त्यांना पुढची तारीख सप्टेंबरची मिळाली आहे.